पाऊण लाखाचं गाव, नऊ विजेतेपदं

जर्मनीच्या नकाशावर बांबर्ग शोधायला थोडा वेळ लागतो. बव्हेरिया राज्याच्या उत्तरेला फ्रँकोनिया नावाचा प्रदेश आहे. न्यूर्नबर्गहून आगगाडीनं उत्तरेकडे निघालं की तासाभराच्या आत हे गाव येतं. वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. सात टेकड्या, त्यांतल्या एकीवर चार मनोऱ्यांचं जुनं कॅथेड्रल, आणि रेग्निट्झ नदीच्या ऐन पात्रात, पुलाला धरून बांधलेली जुनी नगरपालिका. हे सगळं दुसऱ्या महायुद्धातून जवळपास धक्का न लागता वाचलं, आणि 1993 मध्ये युनेस्कोनं गावाचा जुना भाग जागतिक वारशाच्या यादीत घेतला. पर्यटक येतात, पुलावर उभं राहून फोटो काढतात, बीच झाडाच्या लाकडाच्या धुरावर सुकवलेल्या माल्टची धुरकट बिअर पितात आणि संध्याकाळच्या गाडीनं परततात.

गावाच्या दक्षिणेच्या अंगाला एक मोठा हॉल आहे. तो बघायला पर्यटक सहसा जात नाहीत. बास्केटबॉलच्या सामन्यांना तिथे सहा हजारांवर माणसं बसतात. म्हणजे हॉल भरला की दर बारा बांबर्गकरांमागे एक जण आत असतो. या हॉलमधल्या संघानं 2005 ते 2017 या तेरा वर्षांत जर्मनीचं राष्ट्रीय विजेतेपद नऊ वेळा जिंकलं. बर्लिनची वस्ती पस्तीस लाखांच्या वर, म्युनिकची पंधरा लाखांच्या घरात, फ्रँकफर्टमध्ये देशभरच्या बँका. या सगळ्यांना मागे सारून विजेतेपद दर एक-दोन वर्षांनी फ्रँकोनियातल्या या गावात यायचं. गावाला ‘फ्रीक सिटी’ हे टोपणनाव पडलं ते याच वेडामुळे, आणि बांबर्गकरांनी ते अभिमानानं मिरवलं.

हे कसं घडलं, आणि पुढे ते का टिकलं नाही, हे दोन्ही मुळातून बघण्यासारखं आहे.

*

जर्मनीत बास्केटबॉल फुटबॉलसारखा घरोघरी रुजलेला खेळ नव्हता. युद्ध संपलं, अमेरिकी फौजा दक्षिण जर्मनीत तळ ठोकून बसल्या आणि त्यांच्या छावण्यांतून हा खेळ बाहेर पडला. सैनिकांना करमणूक हवी होती. बराकींच्या आवारात व्यायामशाळा उभ्या राहिल्या, त्यांच्या भिंतींवर रिंगा लागल्या. आसपासच्या शाळकरी पोरांनी तिथून हा खेळ उचलला. गीसन, हायडेलबर्ग, बांबर्ग, वुर्झबर्ग, जर्मन बास्केटबॉलची ही जुनी गावं पाहिली तर बहुतेक ठिकाणी अमेरिकी छावणी सापडते. बांबर्गमध्ये ती 1945 पासून होती आणि 2014 पर्यंत राहिली. जवळजवळ सत्तर वर्षं गावाच्या पूर्वेला इंग्रजी बोलणारी एक वेगळीच वसाहत नांदत होती.

क्लबची सुरुवात 1955 ची. गावातल्या एका फुटबॉल क्लबानं बास्केटबॉलची शाखा काढली, तेवढंच. जर्मनीची राष्ट्रीय साखळी, म्हणजे बास्केटबॉल बुंडेसलीगा, 1966 मध्ये सुरू झाली. आधी उत्तर आणि दक्षिण असे दोन गट होते. बांबर्ग 1970 मध्ये तिथे पोचलं. पुढची वीसेक वर्षं वर-खाली करण्यात गेली. गावाबाहेर फारसं कुणी दखल घ्यावी असं हाती काही लागलं नाही. 1992 मध्ये जर्मन चषक आला. क्लबचं पहिलं मोठं यश ते.

या क्लबचा इतिहास वाचताना नावांचा गोंधळ उडतो, कारण प्रायोजक बदलला की संघाचं नाव बदलायचं. कधी टीटीएल बांबर्ग, कधी टीएसके युनिव्हर्सा बांबर्ग, मग जीएचपी बांबर्ग. युनिव्हर्सा ही न्यूर्नबर्गची विमा कंपनी. युरोपात बास्केटबॉलचा खर्च तिकिटांवर भागत नाही, दूरचित्रवाणीचे पैसेही फुटबॉलच्या तुलनेत नगण्य. त्यामुळे छातीवरच नव्हे, तर थेट नावातच कंपनी घ्यावी लागते. बांबर्गमध्ये काही वेगळं चाललं नव्हतं.

वेगळा होता तो वोल्फगांग हायडर नावाचा माणूस. हा गडी याच मातीतला. गावागावांतून मुलं गोळा करणं, प्रशिक्षक नेमणं, प्रायोजकांच्या दारात बसणं, खेळाडूंसाठी घरं शोधणं, असं सगळं तो करायचा. पुढे तो क्लबचा व्यवस्थापक झाला आणि अनेक वर्षं क्लब म्हणजे हायडर असं समीकरणच होऊन बसलं. माझ्या मते बांबर्गच्या यशाचं श्रेय वाटायला बसलं तर पहिला वाटा याच माणसाला द्यावा लागेल. पैसा नंतर आला, मोठे प्रशिक्षकही नंतर आले. ते येतील अशी जागा आधी त्यानं तयार करून ठेवली होती.

2001 हे वर्ष महत्त्वाचं. त्या वर्षी नवा हॉल उघडला आणि त्याच वर्षी डिर्क बाउअरमन प्रशिक्षक म्हणून आले. बाउअरमन म्हणजे साधं नाव नव्हतं. बायर या औषध कंपनीच्या लेव्हरकूजन इथल्या संघाला त्यांनी 1990 ते 1996 अशी सलग सात विजेतेपदं मिळवून दिली होती. असा माणूस बांबर्गसारख्या ठिकाणी का आला, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला असणार. त्यांचा संघ आधी बचाव करायचा, मग बाकीचं. ख्रिस एन्समिंगर हा अमेरिकी सेंटर टोपलीखाली रिबाउंडसाठी असा काही भिडायचा की बुंडेसलीगाच्या इतिहासात सर्वाधिक रिबाउंडचा विक्रम पुढे त्याच्या नावावर लागला. पॉइंट गार्ड स्टेफन हामान जर्मन राष्ट्रीय संघातला.

2003 मध्ये संघ अंतिम मालिकेत पोचला आणि बर्लिनच्या आल्बा संघाकडून तीन-शून्य हरला. आल्बाचं ते सलग सातवं विजेतेपद. 2004 मध्ये पुन्हा अंतिम मालिका, या वेळी फ्रँकफर्टकडून दोन-तीन अशी निसटती हार. 2005 मध्ये समोर पुन्हा फ्रँकफर्ट, पुन्हा पाच सामने; या खेपेला तीन-दोन बांबर्ग. पन्नास वर्षांच्या क्लबचं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. गावाच्या माक्सप्लात्स चौकात माणसांचा समुद्र लोटला, आणि पुढच्या बारा वर्षांत बांबर्गकरांना त्या चौकात जमायची सवयच लागली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बाउअरमन जर्मन राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून बेलग्रेडला होते. डिर्क नोवित्स्कीच्या त्या संघानं युरोपीय स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं.

*

नोवित्स्कीचं नाव निघालंच आहे तर थोडं आडवळण घेऊ.

डिर्क नोवित्स्की बांबर्गचा नव्हे, शेजारच्या वुर्झबर्गचा. बांबर्गच्या संघातून तो कधी खेळला नाही. पण त्याला घडवणारा होल्गर गेश्विंडनर हा 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमधला जर्मन कर्णधार बांबर्गच्याच परिसरात राहायचा. स्वतः गेश्विंडनर लहानपणी गीसनच्या परिसरात अर्नी बटलर नावाच्या अमेरिकी सैनिकाकडून खेळ शिकला. छावणीतून गावात आलेल्या खेळाची ही साखळी अशी पुढे पोचते. नव्वदच्या दशकात, पन्नाशीकडे झुकलेला असतानाही, तो बांबर्गजवळच्या एगोल्सहाइम नावाच्या खेड्याच्या संघातून हौसेनं खेळत होता. त्याच काळात एका सामन्याच्या निमित्तानं वुर्झबर्गचा उंच, लुकडा पोरगा त्याच्या नजरेत भरला. पुढे डॅलसमध्ये तारा झाल्यावरही नोवित्स्की दर उन्हाळ्यात परत यायचा आणि बांबर्गच्या उत्तरेला राट्टेल्सडॉर्फ खेड्यातल्या शाळेच्या व्यायामशाळेत गेश्विंडनरबरोबर तासन्‌तास नेम साधायचा. 2011 मध्ये अमेरिकेच्या एनबीए साखळीचं विजेतेपद मिळवणाऱ्या खेळाडूची उन्हाळी कार्यशाळा म्हणजे ही शाळेची व्यायामशाळा.

हे सांगण्याचं कारण एवढंच की बांबर्गचा क्लब रिकाम्या माळावर उगवला नाही. आजूबाजूच्या खेड्यांत आधीपासून रिंगा होत्या, संघ होते, वेडी माणसं होती. ब्राइटेनग्युसबाख, बाउनाख ही नावं जर्मनीत बाकी कुणाला ठाऊक नसतील. बास्केटबॉलवाल्यांना ती पाठ आहेत. बाउनाख हे जेमतेम चार हजार वस्तीचं. त्या खेड्याचा संघ बांबर्गच्या तरुणांसाठी पायरी म्हणून उभा केला गेला आणि 2014 मध्ये तो देशाच्या दुसऱ्या श्रेणीत जाऊन पोचला. तिथे घडलेल्या पोरांत आंद्रेआस ओब्स्ट होता. 2023 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मनीनं अमेरिकेला 113-111 असं हरवलं, त्यात ओब्स्टचे 24 गुण होते. त्यानंतर सर्बियाला नमवून जर्मनी प्रथमच जगज्जेता झाला. त्या संघातले डॅनियल टाइस आणि माओडो लो हेही बांबर्गची जर्सी घातलेले.

*

2006 मध्ये ब्रोझ ही कंपनी प्रायोजक म्हणून आली. मुख्यालय कोबुर्गला, बांबर्गच्या उत्तरेला तासाभराच्या आतल्या अंतरावर. मोटारीच्या खिडकीची काच वर-खाली करणारी यंत्रणा, दरवाजांचे भाग, आसनांची यंत्रणा, असा त्यांचा धंदा. जगातल्या बहुतेक मोठ्या मोटार कंपन्या गिऱ्हाईक. मालक मायकेल श्टोशेक. संघाचं नाव झालं ब्रोझ बास्केट्स. त्या अधिकृत नावात गावाचा उल्लेखच नव्हता. लोक बोलताना बांबर्ग जोडायचेच, पण फलकावर ते नव्हतं.

2007 मध्ये दुसरं विजेतेपद आलं. समोरचा आर्टलांड ड्रॅगन्स हा संघ क्वाकेनब्र्युक नावाच्या, बांबर्गपेक्षाही कितीतरी लहान गावातला. जर्मन विजेतेपदाची लढत अशा दोन गावांत व्हावी, हे मला या खेळाच्या इतिहासातलं फार देखणं दृश्य वाटतं. त्या मालिकेचा मानकरी ठरला केसी जेकबसन, स्टॅनफर्डमध्ये शिकलेला, एनबीए खेळून आलेला नेमबाज. मधली दोन वर्षं वगळता तो पुढे बांबर्गमध्येच राहिला आणि 2014 मध्ये तिथेच निवृत्त झाला.

2008 मध्ये बाउअरमन राष्ट्रीय संघाकडे पूर्णवेळ गेले. त्यांच्या जागी आला क्रिस फ्लेमिंग, अमेरिकी, आर्टलांडचा प्रशिक्षक. म्हणजे अंतिम मालिकेत ज्याला हरवलं त्यालाच बोलावून घेतलं. हा निर्णय क्लबच्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय होता. 2010 ते 2013 अशी सलग चार विजेतेपदं फ्लेमिंगच्या संघानं मिळवली, आणि त्यातली पहिली तीन वर्षं साखळी आणि चषक असा दुहेरी मुकुट.

या काळात बांबर्गनं माणसं कशी निवडली, ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. काइल हाइन्स हा सेंटर जेमतेम दोन मीटर उंचीचा. या जागेसाठी इतका बुटका माणूस कुणी घेत नाही. तो इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. बांबर्गनं त्याला 2010 मध्ये आणलं, 2011 च्या अंतिम मालिकेचा तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, लगेच ग्रीसच्या ऑलिंपियाकोसनं त्याला उचललं आणि पुढे त्यानं युरोलीग ही युरोपीय क्लबांची सर्वोच्च स्पर्धा चार वेळा जिंकली. पी. जे. टकरला एनबीएतल्या टोरांटोनं सोडून दिलं होतं. इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली अशी पायपीट करत तो बांबर्गला पोचला. 2012 च्या अंतिम मालिकेचा तो मानकरी. त्याच उन्हाळ्यात फिनिक्सनं त्याला एनबीएत परत बोलावलं आणि 2021 मध्ये मिलवॉकीबरोबर तो एनबीए विजेता झाला. ब्रायन रॉबर्ट्सही इथूनच न्यू ऑर्लिन्सला गेला. दुसऱ्यांनी टाकून दिलेला, पण शिकण्याची भूक असलेला खेळाडू हेरायचा, त्याला एक-दोन वर्षं भरपूर खेळवायचं, जिंकायचं, आणि तो गेला की पुढचा शोधायचा, अशी त्यांची रीत. त्यांच्या जोडीला अँटन गावेलसारखे मुरलेले आणि कार्स्टन टाडासारखे बांबर्गमध्येच जन्मलेले.

2011 ची अंतिम मालिका आल्बा बर्लिनशी होती. राजधानीचा श्रीमंत संघ दोन सामने जिंकला, बांबर्गही दोन. पाचवा सामना बांबर्गच्या हॉलमध्ये झाला आणि बांबर्गनं जिंकला. त्या हॉलमध्ये प्रेक्षक कोर्टाच्या अगदी जवळ बसतात, छत बेताच्या उंचीचं, आवाज वर जाऊन विरत नाही, तो परत खाली येतो. पाहुण्या संघांना तिथे खेळणं जड जायचं.

*

म्युनिकच्या बायर्ननं या सुमाराला ठरवलं की आपल्यालाही बास्केटबॉल हवा. फुटबॉलमध्ये जगभर दबदबा असलेला हा क्लब, त्यामागे उली हनेस यांची जिद्द. 2010 मध्ये त्यांचा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. त्यांनी प्रशिक्षक म्हणून बाउअरमनना घेतलं आणि खेळाडू म्हणून हामानला. म्हणजे बांबर्गला पहिलं विजेतेपद देणारी जोडी म्युनिकला. 2011 मध्ये ते वर आले, 2014 मध्ये विजेते झाले. त्याच उन्हाळ्यात गावेलही म्युनिकला गेला.

2014 मध्ये बांबर्ग प्लेऑफच्या बाद फेऱ्यांत लवकर गारद झालं. फ्लेमिंग गेला आणि हायडरही क्लबातून बाहेर पडला. त्यानंतरचा क्लब जास्त सुसज्ज होता, पण घरचा माणूस त्याच्या मध्यभागी उरला नव्हता.

तरीही सर्वांत सुंदर खेळ त्यानंतरच दिसला, हे मान्य करावंच लागेल. इटलीचा आंद्रेआ त्रिंकिएरी प्रशिक्षक म्हणून आला. त्याचा संघ चेंडू असा फिरवायचा की बचाव करणाऱ्यांना मान वळवायलाही सवड मिळायची नाही. ब्रॅड वॉनामेकर, निकोलो मेली, डॅरियस मिलर, टाइस, आणि या सगळ्यांना सांभाळणारा ग्रीसचा वडीलधारा निकोस झिसिस. 2015 मध्ये अंतिम मालिकेत बायर्न समोर होतं. पाच सामने चालले आणि बांबर्ग जिंकलं. 2016 मध्ये उल्मला आणि 2017 मध्ये ओल्डेनबुर्गला तीन-शून्य. 2017 मध्ये चषकही. 2016 मध्ये संघाचं नाव ब्रोझ बांबर्ग झालं. दहा वर्षांनी गाव फलकावर परतलं. त्याच वर्षी युरोलीग सोळा संघांची झाली, सर्वांनी सर्वांशी खेळायचं. रेआल माद्रिद, बार्सिलोना, मॉस्को, इस्तंबूल, अथेन्स यांच्या रांगेत पाऊण लाख वस्तीचं बांबर्ग. 2016 ते 2018 ही दोन वर्षं त्या स्पर्धेतला तो एकमेव जर्मन संघ होता.

एवढ्या उंचीवर राहायला दर वर्षी आणखी पैसा लागतो. 2017 मध्ये टाइस बॉस्टनला गेला, मेली इस्तंबूलला, आणि खेळाडू हेरणारा क्रीडा संचालक दानिएले बायेसी म्युनिकला. माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठा घाव हा तिसरा. खेळाडू जातात, ते गृहीतच असतं. पण त्यांच्या जागी कोण येणार हे ज्याला कळतं तोच प्रतिस्पर्ध्याकडे गेला. 2018 च्या फेब्रुवारीत, सलग तीन विजेतेपदं देणाऱ्या त्रिंकिएरीला क्लबनं मोसमाच्या मध्यावर काढून टाकलं. मला तो निर्णय तेव्हाही घाईचा वाटला, आजही वाटतो. काही वर्षांनी तोही म्युनिकच्या बाकावर दिसला. 2018 चं विजेतेपद बायर्नकडे गेलं आणि युरोलीगची जर्मन जागाही.

2019 च्या फेब्रुवारीत चषकाचा अंतिम सामना बांबर्गच्या हॉलमध्ये झाला, आल्बा बर्लिनविरुद्ध. शेवटच्या क्षणी झिसिसनं मारलेल्या नेमानं बांबर्ग एका गुणानं जिंकलं. त्या वेळी झिसिस पस्तीस वर्षांचा होता. त्या सुवर्णकाळातला हा शेवटचा चषक.

त्यानंतर उतार लागला. मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या धंद्यावर विजेच्या गाड्यांच्या बदलाचं सावट पडलं होतं. बांबर्गला लागून असलेल्या हालश्टाटचा मिशेलिनचा टायर कारखाना बंद करायचा निर्णय 2019 मध्येच जाहीर झाला. मग कोविडनं हॉल रिकामे केले. 2020 चा मोसम म्युनिकमध्ये प्रेक्षकांविना, दहा संघांत उरकला गेला. ब्रोझनं हात आखडता घेतला. जवळपास दर एक-दोन मोसमांना नवा प्रशिक्षक. 2023 मध्ये ब्रोझ नावातून गेली आणि संघ झाला बांबर्ग बास्केट्स.

2024 मध्ये अँटन गावेल प्रशिक्षक म्हणून परत आला. आदल्याच वर्षी, 2023 मध्ये, त्यानं उल्मला अनपेक्षितपणे जर्मनीचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. उल्म साखळीत सातवं आलं होतं आणि तिथून वर चढत गेलं. अशा प्रशिक्षकाला बोलावणी कमी नसणार. तो बांबर्गला आला आणि 2025 च्या फेब्रुवारीत संघ चषकाच्या अंतिम सामन्यात होता. तिथे वाइसेनफेल्सच्या संघानं हरवलं, तेही त्यांच्याच गावात. वाइसेनफेल्स तर बांबर्गच्याही निम्म्या वस्तीचं.

ब्रोझनं पैसा दिला नसता तर नऊ विजेतेपदं आली नसती, हे खरं आहे आणि ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण ब्रोझ यायच्या आधी पहिलं विजेतेपद गावात आलं होतं, आणि ब्रोझ नावातून गेल्यावर दुसऱ्याच मोसमात संघ पुन्हा अंतिम सामन्यात उभा होता. मधल्या काळात जे कमावलं ते पैशाचं होतं तितकंच राट्टेल्सडॉर्फ, बाउनाख आणि ब्राइटेनग्युसबाखच्या व्यायामशाळांचंही होतं. गावानं पुढे जपायचं ते हेच. मोठा प्रायोजक उद्या पुन्हा मिळेलही. खेड्यातल्या व्यायामशाळा एकदा बंद पडल्या तर पुन्हा उभ्या राहायला पिढी जाते.

जर्मनीला जाणारे मराठी प्रवासी न्यूर्नबर्गपर्यंत जातातच. पुढे बांबर्गला जाऊन पुलावरची नगरपालिका जरूर पाहा. सप्टेंबरअखेर ते मेअखेर या काळात जाणार असाल, तर मुक्काम एका रात्रीनं वाढवा आणि हॉलमधल्या सामन्याचं तिकीट आधी काढून ठेवा.